गोठ्यातली ट्यूब आणि तापणारा चोक

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



गट ऑफिसच्या टेबलावर माती परीक्षणाच्या पिशव्या येतात, लागणीच्या नोंदी येतात, कोणी हुमणीच्या अळ्या बाटलीत घालून आणतो. हे आमचे रोजचेच. परंतु गेल्या दोन हंगामांत त्याच टेबलावर ट्यूबलाईटचे चोक येऊ लागले आहेत. आमचे शिक्षण कृषी पदविकेचे, विजेचे नव्हे. तथापि गट ऑफिसातल्या आणि वजनकाट्यावरच्या जुन्या पट्ट्या आम्ही स्वतः खोलून दुरुस्त करतो ही बातमी चिटबॉयनी गावोगाव पोचवली, आणि बेण्याच्या चौकशीबरोबरच "साहेब, हा चोक लई तापतोय, बदलू का?" अशीही चौकशी होऊ लागली. सबब या अंकात खोडव्याचा विषय बाजूला ठेवून हाच विषय घेतला आहे. खोडवा पुढच्या अंकी.

कोणी म्हणेल, एलईडीच्या दिवसांत जुन्या ट्यूबचे पुराण कशाला? घरात पाहिले तर म्हणणे बरोबर आहे. पण घरातून उतरवलेली पट्टी जाते कुठे? ती भंगारात जात नाही. ती जाते गोठ्यात, मोटारीच्या खोलीत, नाहीतर कडब्याच्या छपरात. म्हणजे घरातली सर्वांत जुनी, सर्वांत थकलेली पट्टी आपण नेमकी तिथे टांगतो जिथे पाचट, कडबा आणि मुकी जनावरे आहेत. त्यातून उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढला. जुन्नर, शिरूर, संगमनेर भागातल्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, आणि आता आपल्याकडेही रात्री गोठ्यात उजेड ठेवल्याशिवाय कोणाला झोप येत नाही. पूर्वी धार काढण्यापुरती तासभर लागणारी ट्यूब आता दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत जळते.

एका सभासदाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा आमची जास्त आहे. दिवाळीच्या सुमारास ते चोक घेऊन आले. हात लावला की चटका बसतो, म्हणाले. आम्ही काही न विचारता "तापतो ना, मग बदला" असे सांगून मोकळे झालो. त्यांनी नवा चोक बसवला. ट्यूब तीच, स्टार्टर तोच. ट्यूब कधी लागायची, कधी लुकलुकत राहायची. पट्टी पाचटाच्या छपराखाली बांबूला तारेने बांधलेली, आणि पट्टीच्या उबेला चिमणीने वर घरटे केलेले. मार्गशीर्षातल्या एका पहाटे म्हैस दावे तोडायला लागली म्हणून ते उठले, तर गोठ्यात डांबर जळल्याचा वास आणि घरट्यातून धूर. त्यांनी मेन बंद करून काठीने पट्टी खाली ओढली. छपराचे हातभर पाचट करपले होते. दोन म्हशी, एक रेडकू आणि शेजारी वर्षाचा कडबा. दहा मिनिटे उशीर झाला असता तर काय झाले असते ते सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी तो नवा चोक टेबलावर आला. आतले डांबर वितळून बाहेर आलेले. "साहेब, ह्योबी चोक खराबच निघाला," ते म्हणाले. खराब चोक नव्हता, सल्ला खराब होता. तेव्हापासून आम्ही या विषयात नीट लक्ष घातले.

चोकचे काम काय?

ट्यूबमध्ये वायू आणि किंचित पारा असतो. एकदा का आतून वीज वाहू लागली की तिला अडवणारे आत काही राहत नाही. ओढ्याचे पाणी बांध फोडून वाहू लागले की वाट आपणच रुंद करत जाते, तसा प्रकार. चोक म्हणजे त्या पाटावरचे दार. तो वीज मापात सोडतो. 40 वॅटच्या जाड ट्यूबला सुमारे 0.43 अँपियर, इतकीच. त्याआधी ट्यूब पेटवण्याचे कामही तोच करतो. स्टार्टरच्या आत वाकणारी पट्टी असते. ती जुळते तेव्हा ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा लाल होतात, आणि ती सुटते त्या क्षणी चोक काही शे व्होल्टचा झटका देतो. ट्यूब लागते. त्यानंतर स्टार्टरचे काम संपले. लागलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तरी ट्यूब चालूच राहते.

चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. आपल्या पंपाच्या मोटारीत जसे वाइंडिंग असते तसेच. वीज गेली की ते तापणारच. 40 वॅटच्या ट्यूबमागे जुना चोक सुमारे 10 ते 12 वॅट स्वतःच्या अंगावर उष्णता म्हणून घालवतो. म्हणजे चोक तापणे हा बिघाड नव्हे. बैल कामाला लागला की घामाघूम होतोच. त्याला ताप आला आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

किती तापला म्हणजे जास्त?

चोकवर कंपनीचा छाप असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. त्यावर एके ठिकाणी त्रिकोणाचे चिन्ह, पुढे टी हे अक्षर आणि 55 किंवा तसा एखादा आकडा असतो. याचा अर्थ, नेहमीच्या कामात आतली तार भोवतालच्या हवेपेक्षा इतके अंश जास्त तापेल. दुसरा आकडा टी-डब्ल्यू 130 असा असतो. ती आतल्या तारेची सततच्या कामातली कमाल मर्यादा. गोठ्यात 35 अंश असेल तर चांगल्या चोकच्या आतली तार 90 अंशांवर जाणार आणि वरचा पत्रा 60-70 च्या घरात. अशा पत्र्यावर हात क्षणभरच टिकतो. म्हणून "हात ठेववत नाही" एवढ्यावर चोक काढून टाकणे म्हणजे पान पिवळे दिसले की ऊस उपटण्यासारखे आहे. आमच्याकडे "तापतो" म्हणून आलेल्या चोकांपैकी बरेचसे धडधाकट निघाले.

मग ओळखायचे कसे? सर्वांत सोपी रीत तुलनेची. तशाच दुसऱ्या पट्टीशेजारी संशयित पट्टी दोन-तीन तास चालू ठेवा. मग मेन बंद करून दोन्ही चोकना पाठोपाठ हाताची मागची बाजू लावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. कित्येक जुन्या गोठ्यांत बटण न्यूट्रलवर बसवलेले असते आणि बटण बंद असले तरी पट्टीत फेज हजर असतो. रात्री बंद ट्यूब मंद चमकत राहते ती बहुधा याचमुळे. एक चोक सोसण्याजोगा आणि दुसरा हात मागे घ्यायला लावणारा असेल तर संशयाला जागा आहे.

दुसरी रीत मेणबत्तीची. मेन बंद असताना थंड चोकवर मेणाचा कण ठेवावा. साधे मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळते. तासाभराने मेण मऊ पडले तर काळजी नको. पाण्याचा थेंब मात्र चालू पट्टीवर कदापि टाकू नये. मेन बंद करून गरम चोकवर ओल्या फडक्याचे टोक टेकवले आणि चर्र आवाज आला, तर पत्राच शंभर अंशांवर गेला असे समजावे. गुळाची काहील आपण 118 अंशांच्या आसपास उतरवतो. त्याच्या जवळपासची धग छपराखाली टांगून झोपणे बरे नव्हे.

कोरोनाच्या काळात गेटवर कपाळाला लावायची तापमापकाची बंदूक आणली होती. ती चोकवर धरून पाहण्याचा उद्योग आमच्या एका चिटबॉयने केला. ती माणसाच्या तापापुरतीच, 42-43 अंशांच्या वर काही दाखवत नाही. तिचा येथे उपयोग नाही.

खरी रीत तिसरी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मीटर असतो. चोक थंड असताना, वायर सुट्या करून, त्याचे ओहम मोजून लिहून ठेवावेत. चार तास चालवून मेन बंद केल्याबरोबर पुन्हा मोजावेत. तांब्याचा गुण असा की दर 10 अंशांमागे त्याचा विरोध सुमारे पावणेचार टक्क्यांनी वाढतो. समजा 30 अंश हवेत थंड चोक 40 ओहम दाखवतो आणि तापल्यावर 50. म्हणजे पंचवीस टक्के वाढ. म्हणजे तार सुमारे 66 अंशांनी तापून 96 वर गेली. छापावर 55 असेल तर हे थोडे जास्त झाले, पण 130 च्या बरेच आत आहे. पट्टीला हवा द्या, घाई नको. तोच आकडा 56-57 ओहमवर गेला तर तार 140 च्या आसपास आहे. तो चोक उतरवावा. ढोबळ हिशेब असा की दर आठ-दहा अंश जास्तीला आतल्या वेष्टनाचे आयुष्य निम्मे होते. मोटारीचेही असेच असते, हे ज्यांनी मोटार जाळली आहे त्यांना ठाऊक आहे.

डोळ्यांना आणि नाकाला दिसणाऱ्या खुणा याहून सोप्या. डांबर बाहेर येणे, पट्टीचा पांढरा रंग चोकपुरता तपकिरी पडणे, वायरचे वेष्टन कडक होऊन बोटाने मोडणे, जळका वास. यांपैकी काही दिसले तर मापे घेत बसू नये. गुणगुण आवाज मात्र बहुतेक वेळा सैल स्क्रूचा असतो. तो आवळावा.

तापतो चोक, दुखणे दुसरीकडे

आमची चूक झाली ती येथेच. चोक तापतो म्हणून आपण चोक बदलतो. पण त्याला तापवणारा बहुतेक वेळा दुसराच असतो.

पहिला संशय स्टार्टरवर घ्यावा. ट्यूबची फक्त दोन्ही टोके तांबडी दिसतात आणि मधला भाग लागत नाही, म्हणजे स्टार्टर आत चिकटला. त्या स्थितीत चोकमधून नेहमीच्या दीडपट वीज सतत वाहते. पेटण्याच्या दोन-चार सेकंदांसाठी ठरवलेला भार रात्रभर. स्टार्टर चार पैशांची वस्तू. अर्धी फिरवून काढावी, नवी बसवावी. जुने लोक स्टार्टर उघडून आतला छोटा कंडेन्सर कापून टाकत आणि पुष्कळदा तो पुन्हा चालू होई, कारण कंडेन्सरच शॉर्ट झालेला असे. युक्ती खरी आहे, पण मग शेजारच्या रेडिओत खरखर येते, आणि आज नवा स्टार्टर सहज मिळत असताना ही काटकसर आम्हाला पटत नाही.

दुसरा आणि सर्वांत फसवा चोर म्हणजे म्हातारी ट्यूब. टोके काळी पडलेली, लुकलुकणारी. ट्यूबच्या टोकाच्या तारांवर एक मसाला असतो. तो दोन्ही टोकांचा सारखा संपत नाही. एका टोकाचा आधी संपला की वीज एका दिशेने सहज जाते आणि उलट्या दिशेने अडखळते. चोकची सगळी ताकद वीज दोन्ही दिशांनी सारखी येण्यावर आहे. ती एकांगी झाली की लोखंड एकाच बाजूने भारले जाते, दार ढिले पडते, वीज वाढते आणि चोक भाजतो. वरच्या गोष्टीतले सभासद हेच भोगत होते. ट्यूब तीच ठेवून आणखी दोन चोक बसवले असते तरी दोन्ही गेले असते. लुकलुकणारी ट्यूब "लागतीय तोवर लागू दे" म्हणून ठेवू नये. ट्यूब बदलायला हाताशी नसेल तर त्या रात्रीपुरता कंदील किंवा बॅटरी बरी, पण ती ट्यूब बंद करावी.

तिसरे कारण रात्रीचा व्होल्टेज. दिवसा सगळ्यांचे पंप चालू असले की व्होल्टेज पडतो, ट्यूब लागत नाही, स्टार्टर टकटक करत राहतो. रात्री पंप बंद झाले की तोच व्होल्टेज 250-260 वर चढतो. व्होल्टेज दहा टक्के वाढला तर चोकची उष्णता दहा टक्के वाढेल असे कोणास वाटेल. तसे नाही. लोखंड भारून संपत आले की वीज व्होल्टेजपेक्षा वेगाने वाढते आणि उष्णता त्याहून वेगाने. म्हणून संध्याकाळी हात लावून "गार आहे" असे ठरवू नये. मध्यरात्रीनंतर पाहावे.

चौथे, जागा. पट्टी लोखंडी असते ती शोभेसाठी नव्हे. चोकची धग पत्र्यावर पसरून हवेत जावी म्हणून. चोक पट्टीतून काढून बांबूला नुसता बांधला, किंवा सनमायक्याच्या फळीवर ठोकला, की धग जाणार कुठे? पट्टी आणि छप्पर यांत हातभर अंतर हवे. पाचटाच्या छपराखाली तर पट्टी छपराला न बांधता भिंतीला किंवा लोखंडी पाइपाला लावावी. जाळी, भुसा, घरटी दर पंधरवड्याला काढावीत. चिमणीचे घरटे काढायला जीव होत नाही हे आम्ही समजू शकतो. पिले असतील तर ती उडेपर्यंत ती पट्टीच बंद ठेवावी. पालीही चोकच्या उबेला येऊन बसतात आणि होल्डरच्या पितळी टाचांवर सापडल्या तर स्वतः मरून पट्टीही बंद पाडतात.

या चार गोष्टी निस्तरूनही शेजारच्या पट्टीपेक्षा चोक जास्तच तापत असेल तर मग चोकच गेला. आतले काही वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. वायरमनकडे 100 वॅटच्या पिवळ्या बल्बचा टेस्ट दिवा असतो. चोक त्याच्याशी सिरीजमध्ये लावला की चांगल्या चोकवर बल्ब मंद पेटतो, शॉर्ट चोकवर ठळक, तुटलेल्यावर मुळीच नाही. हा प्रयोग वायरमननेच करावा, सभासदांनी घरी करू नये. चोक बदलताना तो फेजच्या वायरमध्येच घ्यावा आणि पट्टीला अर्थिंग जोडावे. गोठ्यात जमीन ओली आणि जनावर अनवाणी असते.

एलईडी लावताना

खरे सांगायचे तर आता जुन्या पट्टीवर फार खर्च करू नये असे आमचे मत झाले आहे. 40 ची ट्यूब आणि चोक मिळून सुमारे 50 वॅट खातात, तेवढ्याच जागी एलईडी ट्यूब 18-20 वॅटमध्ये भागते. रात्रीचे बारा तास धरले तर एका पट्टीमागे महिन्याला दहा-अकरा युनिट वाचतात. शिवाय जुन्या ट्यूबचे दिवस भरतच आले आहेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या 2023 सालच्या बैठकीत या ट्यूबचे उत्पादन 2027 पर्यंत थांबवण्याचे ठरले. भारत या करारात आहे.

पण जुन्या पट्टीत एलईडी बसवताना एक फसगत होते. काही एलईडी ट्यूब एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल घेतात. त्यासाठी वायरमन चोक व स्टार्टर काढून होल्डर थेट जोडतो. पुढे कधी ती एलईडी गेली आणि घरात पडलेली जुनी ट्यूब कोणी त्याच होल्डरमध्ये फिरवली, तर टोकाच्या बारीक तारेवर सगळे 230 व्होल्ट येतात आणि ट्यूब हातात फुटू शकते. म्हणून अशा पट्टीवर ऑइल पेंटने ठसठशीत "फक्त एलईडी" असे लिहावे. आम्ही वजनकाट्यावरच्या सगळ्या पट्ट्यांवर लिहून घेतले आहे. अक्षर चांगले नाही, पण लांबून वाचता येते.

उतरवलेल्या जुन्या ट्यूब उकिरड्यावर टाकू नयेत. उकिरड्याचे खत उसात जाते, काच बैलाच्या आणि तोडणी मजुरांच्या पायात जाते, आणि आतला पारा थोडा असला तरी तो मातीत कशाला? फुटलीच तर माणसे-जनावरे बाजूला करून वारा खेळू द्यावा, झाडूने न झाडता जाड कागदाने तुकडे गोळा करावेत आणि झाकणाच्या डब्यात बंद करावेत. अखंड ट्यूब गट ऑफिसात आणून द्याव्यात. त्यासाठी लाकडी खोके ठेवले आहे. साठल्यावर कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागाकडे जातील.

वर ज्यांची गोष्ट सांगितली त्यांच्या गोठ्यात आता एलईडी आहे आणि छपराला पत्रा आहे. चिमणी पुन्हा आली, यंदा तिने मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर घरटे केले. ती पेटीही उघडून पाहायला हवी. येत्या आठवड्यात जाणार आहोत.

गट ऑफिसात चोक दाखवायला आणताना सोबत तीच ट्यूब, तोच स्टार्टर आणावा, आणि पट्टी कुठे, कशाला बांधली आहे ते सांगावे. बाजारच्या दिवशी सकाळी दहा ते बारा आम्ही असतो. लागणीच्या नोंदीचे कागदही त्याच फेरीत आणले तर हेलपाटा वाचेल.